ठेंगापाळी : काठीच्या पाळीने राखलेले साल जंगल

ओडिशातील नयागड, मयूरभंज, ढेंकानाल या जिल्ह्यांतील अनेक गावांमध्ये संध्याकाळच्या वेळी एक काठी कोणा एका घराच्या दाराशी टेकवून ठेवली जाते. ज्या घराच्या दाराशी ती काठी, त्या घरातील माणसांनी दुसऱ्या दिवशी गावाच्या जंगलाची राखण करावयाची आणि दिवस मावळल्यावर ती काठी शेजारच्या दाराशी नेऊन ठेवावयाची, असा तेथील शिरस्ता आहे. काठीला ओडिया भाषेत ‘ठेंगा’ म्हणतात. ‘पाळी’ हा शब्द मराठी वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही. इंग्रजी लिखाणातून हा शब्द आपल्याकडे ‘ठेंगापल्ली’ असा आला, परंतु मूळ अर्थ ‘काठीची पाळी’ एवढाच आहे.

या पद्धतीत पगारी नोकर नाही. गावातील माणसेच स्वयंसेवक आणि तीच लाभार्थी. काही गावांत रोज दोन माणसे जातात, काही ठिकाणी चार, तर काही ठिकाणी मोठी टोळीच जाते. नियम गावोगाव वेगळे असले तरी गाभा एकच आहे: राखणीचे ओझे मोजून, सर्व घरांमध्ये वाटून घेणे. ग्रामवनाच्या कामात विस्तार कार्यकर्त्यांचे लक्ष बहुधा रोपे, खड्डे आणि कुंपण यांकडे असते. प्रस्तुत लेखात त्याऐवजी या ओझ्याच्या वाटणीचा विचार केला आहे, कारण सामुदायिक राखणीचे प्रयत्न जेथे थांबतात तेथे ते बहुतेक वेळा रोपांअभावी नव्हे, तर माणसांच्या थकव्यामुळे थांबतात.

पार्श्वभूमी

नयागड जिल्ह्यातील केशरपूर हे गाव या संदर्भात पुष्कळांना ठाऊक आहे. गावालगतची बिंझगिरी टेकडी १९७० च्या दशकापर्यंत बोडकी होत आली होती. जळणाची टंचाई आणि पावसाळ्यात टेकडीवरून वाहणारी माती हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी अंगावर आले. गावातील शिक्षक व वडीलधारी मंडळी पुढे झाली, भोवतालच्या गावांना बरोबर घेण्यात आले आणि पुढे ‘वृक्ष ओ जीवर बंधु परिषद’ या नावाने अनेक गावांची मिळून संघटना उभी राहिली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टेकडी एका गावाची नसते. एका बाजूचे गाव राखण करू लागले आणि दुसऱ्या बाजूचे गाव तोड करीत राहिले, तर राखणारे मूर्ख ठरतात. म्हणून शेजारच्या गावांची मनधरणी करण्यासाठी केशरपूरच्या मंडळींनी उपोषणाचाही मार्ग अवलंबिला. दंड करण्याचा अधिकार परगावावर चालत नाही; तेथे भीडच उपयोगी पडते.

अशा हजारो गावांनी शासनाचा आदेश नसताना राखण सुरू केल्यानंतर शासनाने त्याची दखल घेतली. ऑगस्ट १९८८ मध्ये ओडिशा शासनाने राखीव वनांच्या संरक्षणात गावांना भूमिका देणारा ठराव केला. त्याच वर्षीच्या अखेरीस राष्ट्रीय वन धोरण आले आणि १ जून १९९० रोजी केंद्र शासनाने संयुक्त वन व्यवस्थापनाबाबतचे परिपत्रक काढले. क्रम ध्यानात घ्यावा: काठी आधी, कागद नंतर.

केवळ राखण करून जंगल परत कसे येते?

राखण म्हणजे निष्क्रिय काम, खरे काम वृक्षारोपण, असा समज सर्वत्र आढळतो. साल वृक्षाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. सालाचे बी पावसाळ्याच्या तोंडावर गळते आणि त्याची उगवणक्षमता जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. रोप उगवले तरी पहिली काही वर्षे त्याचा शेंडा वाळत राहतो. जमिनीवर काहीच वाढ झालेली दिसत नाही, मात्र जमिनीखाली मूळ जाड होत जाते. पुरेसे बळ आले की एखाद्या वर्षी ते रोप सरळ वर निघते. तोडलेल्या सालाच्या बुंध्यातूनही जोमदार फुटवे येतात. म्हणजेच उजाड दिसणाऱ्या साल जंगलात बहुतेक वेळा जिवंत मुळांचा साठा जमिनीत शिल्लक असतो. दरवर्षीची आग, कुऱ्हाड आणि शेळ्यांचे तोंड यांमुळे तो वर येऊ शकत नाही. ही तीन कारणे दूर केली की लागवडीवाचून जंगल उभे राहते.

याचा मोठ्या क्षेत्रावरील अनुभव पश्चिम बंगालमधील मिदनापूर भागात अराबारी येथे मिळाला. विभागीय वनाधिकारी अजित कुमार बॅनर्जी यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे ११ गावांतील ६१८ कुटुंबांना सोबत घेऊन १,२७२ हेक्टर निकृष्ट साल जंगलाच्या राखणीचा प्रयोग सुरू केला. कुटुंबांना वनकामात रोजगार, जळण आणि गौण वनोपज आणि तोडीनंतरच्या उत्पन्नात २५ टक्के वाटा असे त्याचे स्वरूप होते. जुन्या बुंध्यांतून फुटवे आले आणि जंगल सावरले. अराबारीत पुढाकार वन विभागाचा होता, ठेंगापाळीत गावाचा. परंतु झाडाच्या दृष्टीने दोन्हीकडे घडले ते सारखेच.

तेव्हा एखाद्या गावाने ‘आमच्या माळावर झाडे लावून द्या’ अशी मागणी केली, तर विस्तार कार्यकर्त्याने प्रथम बुंधे मोजावेत. दोरीने १० मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखून त्यातील जिवंत बुंधे आणि फुटवे मोजता येतात. एका हेक्टरमध्ये असे १०० चौकोन मावतात. दहा-बारा चौकोनांची सरासरी आठ जिवंत बुंधे आली, तर हेक्टरी ८०० झाडांचा साठा जमिनीत तयार आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा ठिकाणी खड्डे खणणे म्हणजे पैशाचा आणि मुळांचा दोहोंचा नाश. सागाच्या जंगलातही हीच मोजणी उपयोगी पडते, कारण सागही बुंध्यातून उत्तम फुटतो. जेथे बुंधेच उरले नाहीत, माती वाहून जाऊन मुरूम उघडा पडला आहे, तेथे मात्र राखणीबरोबर लागवड आणि मृद्संधारण दोन्ही हवेत. तेथे नुसत्या काठीकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये.

फुटव्यांबाबत एक तांत्रिक सूचना. एका बुंध्यातून पुष्कळ फुटवे येतात आणि एकमेकांना दाबतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जमिनीलगतचे एक-दोन सरळ फुटवे राखून बाकीचे धारदार हत्याराने, साल न फाटता, तिरपे कापावेत. उंचावरून फुटलेला धुमारा वाऱ्याने मोडतो, जमिनीलगतचा टिकतो. या विरळणीतून गावाला पहिले जळण मिळते आणि त्याचे महत्त्व पुढे येईलच. जमीन वन विभागाच्या ताब्यात असल्यास विरळणीपूर्वी ग्रामसभेचा ठराव आणि विभागाची लेखी संमती घ्यावी, अन्यथा चांगल्या हेतूने कोयता चालविणाऱ्यावर गुन्हा दाखल होण्याची वेळ येते.

पाळीचे गणित

आता मूळ मुद्द्याकडे वळू. समजा, ६० घरांचे गाव आहे आणि रोज चार माणसांनी जंगलात जावयाचे ठरले. वर्षाचे १,४६० मनुष्यदिवस होतात. प्रत्येक घराला दर पंधरवड्यास एकदा पाळी येते आणि वर्षाकाठी सुमारे २४ दिवस द्यावे लागतात. उदाहरणादाखल मजुरी ३०० रुपये धरली, तर गावाने वर्षाला ४,३८,००० रुपयांचे, म्हणजे दर घराने ७,३०० रुपयांचे श्रम जंगलात घातले. ही रक्कम कोणत्याही अहवालात दिसत नाही. परंतु ज्या घरात खाणारी माणसे पाच आणि कमावणारा एक, त्या घराला ती रोज दिसते.

हीच चार माणसे २५ घरांच्या वाडीतून काढावयाची झाली, तर दर घरास वर्षाला ५८ दिवस द्यावे लागतील. दोन वर्षांत काठी कोणाच्या तरी दाराशी पडून राहील, हे सांगण्यास ज्योतिषी नको. जंगलाचा घेर तोच राहतो, गाव लहान असले म्हणून तो लहान होत नाही. उलट १५० घरांच्या गावात हेच ओझे दर घरास दहा दिवसांहून कमी भरते. पण तेथे एखाद्या घराने पाळी चुकविली तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. लहान वाड्यांनी शेजारच्या वाडीबरोबर एकत्र पाळी लावावी आणि मोठ्या गावाने वस्तीनिहाय काठ्या कराव्यात, हा यावरचा साधा उपाय आहे.

कुमाऊँच्या वन पंचायतींचा अनुभव या गणिताला दुजोरा देतो. इंग्रज सरकारने १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँची जंगले राखीव केली, त्याविरुद्ध लोकांनी १९२१ मध्ये ठिकठिकाणी जंगले पेटविली, चौकशी समिती बसली आणि १९३१ मध्ये गावांना वन पंचायत स्थापन करण्याची मुभा देणारे नियम आले. आज उत्तराखंडात सुमारे १२,००० वन पंचायती आहेत. तेथे बहुधा घरटी वर्गणी गोळा करून पगारी राखणदार नेमला जातो. अरुण अग्रवाल यांनी या पंचायतींचा अभ्यास केला तेव्हा, गट जितका लहान तितका तो चांगला, हा प्रचलित समज खरा ठरला नाही. फार लहान गावांना राखणदाराचा पगार भागेल एवढी वर्गणी जमविणे जड जाते, मध्यम आकाराची गावे अधिक यशस्वी होतात, असे त्यांना आढळले. वर्गणी असो वा पाळी, हिशेब एकच आहे.

गणिताचा दुसरा भाग ऋतूंचा. वर्षभर रोज तेवढीच माणसे पाठविणे ही सर्वांत मोठी उधळपट्टी होय. जंगलाला धोका बाराही महिने सारखा नसतो. मार्च ते मे या काळात सालाचा पाचोळा पडलेला असतो, मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालची पाने जाळली जातात, आग तेथूनच पसरते. पावसाळ्याआधी जळण साठविण्याची घाईही याच काळात असते. जून ते ऑक्टोबर शेतात भात उभा असतो, त्यामुळे गावाची जनावरे शिवारातून बाहेर काढून जंगलाकडे हाकली जातात. नेमके त्याच वेळी कोवळे फुटवे वर येत असतात. भातकापणीनंतर जनावरे धसकटांवर चरू लागली की चराईचा ताण कमी होतो, मात्र शेतकामातून मोकळे झालेले हात कुऱ्हाडीकडे वळतात.

तेव्हा ६० घरांच्या त्याच गावात मार्च ते मे रोज सहा, जून ते ऑक्टोबर दोन आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी तीन माणसे ठेवली, तर वर्षाचे १,२१८ मनुष्यदिवस होतात. दर घराचे चार दिवस वाचतात आणि आगीच्या दिवसांत राखण दीडपट होते. पावसाळ्यातील दोन माणसांनी जंगलभर हिंडण्यापेक्षा गुराख्यांशी आधीच करार करावा: यंदा कोणता भाग बंद, कोणता खुला, हे पहिल्या पावसाआधी ठरवावे आणि बंद भागाच्या सीमेवरील झाडांना चुन्याचे पट्टे ओढावेत. संपूर्ण चराईबंदी कागदावर शोभते. शेळ्यांवर जगणाऱ्या घरांना दुसरी जागा न देता ती लादली, तर ती रात्री मोडली जाते.

मोहाच्या बाबतीतही बंदीपेक्षा सोय बरी. झाडाखालचा पाचोळा झाडून बाजूस करणे किंवा जाळी अंथरून त्यावर फुले झेलणे, असे दोन्ही मार्ग वापरात आहेत. झाडून काढलेला पाचोळा खताच्या खड्ड्यात जातो. जाळी समितीने सामाईक घेऊन पाळीने वापरण्यास दिली तर खर्च विभागला जातो. आग विझविण्यासाठी माणसे धाडण्यापेक्षा आग लागूच न देणे स्वस्त पडते, हे सांगावयास नकोच. तरीही अंदाजपत्रकात जाळीसाठी रक्कम क्वचितच आढळते.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

पाळी दर घरास सारखी, म्हणून ती न्याय्य, असे प्रथमदर्शनी वाटते. मोठ्या शेतकऱ्याच्या घरातून गडी जातो. भूमिहीनाच्या घरातून कर्ता पुरुष जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. एकट्या विधवेच्या दाराशी काठी आली तर तिने काय करावे? अशा घरांना सूट द्यावी, की त्यांची पाळी हलक्या महिन्यांत लावावी, की गावाने धान्य गोळा करून त्यांना दिवसाचा मोबदला द्यावा, हे बैठकीत उघडपणे ठरले पाहिजे. न ठरविल्यास ती घरे गप्प राहतात आणि पुढे गैरहजर राहू लागतात.

याहून मोठा प्रश्न जळणाचा आहे. ६० घरांना आठवड्यास दोन मोळ्या लागतात असे धरले, तर वर्षाला ६,२४० मोळ्या झाल्या. समितीने एका रात्रीत कुऱ्हाडबंदी केली तरी चुली विझत नाहीत. या मोळ्या कोठून तरी येतातच. बायका पहाटे उठून दूरच्या जंगलात जातात, तेथल्या राखणदारांची बोलणी खातात, किंवा आपल्याच जंगलात चोर ठरतात. बंदीचा निर्णय पुरुषांच्या बैठकीत होतो आणि त्याची किंमत डोक्यावरच्या भाऱ्याने मोजली जाते. शिवाय दूरचे जंगल म्हणजे बहुधा दुसऱ्या गावाचे जंगल. आपली टेकडी हिरवी आणि शेजारची बोडकी होणे याला संवर्धन म्हणता येत नाही.

म्हणून बंदीच्या ठरावाआधी जळणाचा ताळेबंद मांडणे आवश्यक आहे. किती मोळ्या लागतात. वाळलेले लाकूड, विरळणीतील फुटवे, बांधावरील झाडे, तुरीच्या तुऱ्हाट्या आणि शेण यांतून किती भागते. किती तूट राहते. तूट भरून निघत नसेल तर जंगलाचा एक भाग काही वर्षे खुला ठेवावा. आठवड्यातील ठराविक दिवशी, कुऱ्हाड न नेता, वाळलेले लाकूड वेचण्यास मुभा द्यावी. हे दिवस कोणते असावेत हे जळण आणणाऱ्यांनाच विचारावे. बाजाराच्या दिवशी जंगल खुले ठेवणाऱ्या समितीत एकही बाई नसावी, असे खुशाल समजावे.

पुष्कळ ठिकाणी काठी पुढे स्त्रियांनीच हाती घेतली. नयागड जिल्ह्यातील काही आदिवासी गावांत आज राखणीला जाणाऱ्या टोळ्या स्त्रियांच्याच आहेत. शेजारच्या झारखंडमधील पूर्व सिंहभूम जिल्ह्यात जमुना टुडू यांनी काही थोड्या बायकांना घेऊन साल जंगलाची राखण सुरू केली, लाकूडचोरांशी प्रत्यक्ष सामना केला. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री देण्यात आली. जंगलात कोण कोठून शिरते, कोणत्या ओढ्याकडे कुऱ्हाडीचा आवाज येतो, हे रोज जंगलात जाणाऱ्या बाईला ठाऊक असते. मात्र राखण स्त्रियांकडे आणि शिक्का व हिशेबाची वही पुरुषांकडे, अशी विभागणी होत असेल तर ते ओझे वाटणे नव्हे, ढकलणे होय. बिना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधील वनगटांच्या अभ्यासात (२०१०) दाखवून दिले आहे की, कार्यकारिणीत स्त्रियांचे प्रमाण अधिक असेल तेथे जंगलाची स्थिती अधिक सुधारते. एक-दोन स्त्रियांची नावे घालून हे साधत नाही. चौथा ते तिसरा हिस्सा स्त्रिया असल्या म्हणजे त्या बैठकीत बोलू लागतात, असेही त्यांचे निरीक्षण आहे.

दंड आणि दप्तर

दंडाबाबत अनुभवी गावांचा कल सौम्यतेकडे असतो. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी कुऱ्हाड जप्त, तिसऱ्या वेळी दंड, अशी चढती भाजणी ठेवली जाते. सामाईक संपत्तीच्या व्यवस्थापनावरील संशोधनासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीही दीर्घकाळ टिकलेल्या संस्थांचे हे एक लक्षण म्हणून नोंदविले आहे. स्वतःच्या चुलीसाठी फांदी तोडणारा आणि विक्रीसाठी गाडी भरणारा यांना एकच दंड लावणे हा न्याय नव्हे. समितीच्या पदाधिकाऱ्याकडून नियम मोडला गेल्यास त्यास अधिक दंड असावा. हा एक नियम कागदावर आला की बाकीचे नियम गाव निमूटपणे पाळते.

दप्तर थोडके असावे. पाळीची वही, दंड व जमाखर्चाची वही आणि ठरावांची वही, एवढ्या तीन पुरेत. पाळीच्या वहीत तारीख, घर, गेलेल्या माणसांची नावे आणि आढळलेली गोष्ट एवढेच रकाने ठेवावेत. आग कोठे लागली, ताजा तोडलेला बुंधा कोठे दिसला, गुरे कोणत्या बाजूने आली, हे दोन ओळींत लिहिले तरी वर्षाअखेरीस जंगलाचा दुबळा भाग आपोआप नकाशावर उमटतो आणि पुढील वर्षी माणसे तेथे वळविता येतात. लिहिता न येणाऱ्या घरासाठी शाळेतील मुलांची मदत घ्यावी.

बाहेरून येणाऱ्या निधीबाबत सावधगिरी बाळगावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वर्षानुवर्षे फुकट राखण करणाऱ्या गावात एखादा प्रकल्प येतो, चार राखणदारांना मानधन सुरू होते, बाकीची ५६ घरे सुटकेचा निःश्वास टाकतात. तीन वर्षांनी प्रकल्प संपतो आणि मानधन थांबते. तेव्हा काठी पुन्हा उचलण्यास कोणी पुढे येत नाही, कारण तोवर ते गावाचे काम न राहता नोकरी झालेले असते. निधी नाकारावा असे नव्हे. तो जाळी, जाळरेषा, विहीर, चाऱ्याची ठोंबे अशा कामांवर घालावा. पाळीच्या जागी घालू नये. मोबदला द्यावयाचाच असेल तर तो पाळीवर जाणाऱ्या प्रत्येक घरास, गावाच्याच निधीतून, थोडा का होईना, मिळावा.

हक्काचा प्रश्न

वर्षानुवर्षे राखण करूनही जंगल आपले नाही, ही भावना स्वयंसेवकांना सर्वांत अधिक खचविते. झाडे मोठी झाल्यावर तोडीचा आराखडा दुसऱ्याच कोणाकडून येतो आणि राखणाऱ्यांना त्याची वार्ताही नसते. वन हक्क अधिनियम, २००६ ने यात मूलभूत फरक केला. परंपरेने जतन केलेल्या सामुदायिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याच्या कलम ३ मध्ये मान्य झाला असून कलम ५ ने ग्रामसभेस त्यासाठी अधिकार दिले आहेत. २०१२ मधील सुधारित नियमांनुसार सामुदायिक वनसंपत्तीचा दावा नमुना ‘ग’ मध्ये करावयाचा असतो.

महाराष्ट्रातील वाचकांस गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाचे उदाहरण परिचित आहे. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामुदायिक हक्क या गावाला २००९ मध्ये मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ज्यांनी राखले त्यांनीच विकले, आणि त्या पैशाचा हिशेब ग्रामसभेत झाला. परंतु हक्क मिळण्याच्या कितीतरी आधीपासून मेंढ्याने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यासगटात बसून कायदा समजून घेण्याची सवय लावून घेतली होती, हे विसरून चालणार नाही. अधिकारपत्र मिळाले आणि पाळी मात्र कधी लागलीच नाही, अशा गावात अधिकारपत्र पेटीत राहते.

दाव्याच्या वेळी वर सांगितलेल्या तीन वह्या उपयोगी पडतात. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हा नियमांनी मान्य केलेला पुरावा आहे. त्याच्या जोडीला दहा वर्षांची पाळीची वही असेल, तर गाव हे जंगल खरोखर सांभाळत आले आहे, हे निराळे सिद्ध करावे लागत नाही.

सुरुवात करणाऱ्या गावासाठी

पहिल्या वर्षी संपूर्ण जंगल अंगावर घेऊ नये. गावालगतचा, घरातून दिसणारा एखादा तुकडा निवडावा. त्याच्या सीमा शेजारच्या गावातील मंडळींसह पायी फिरून ठरवाव्यात. सीमेवर फिरण्याआधी ठराव करणे ही नेहमीची चूक आहे. त्यानंतर बुंध्यांची मोजणी, जळणाचा ताळेबंद आणि स्त्रियांची स्वतंत्र बैठक व्हावी. स्वतंत्र बैठक अशासाठी की, एकत्र बैठकीत जळणाचा विषय निघाला की ‘त्याचे पाहू’ म्हणून तो मिटविला जातो. मग पाळीचा तक्ता ऋतूंप्रमाणे आखावा आणि तो चावडीवर किंवा समाजमंदिरावर रंगवून ठेवावा. नियम थोडे ठेवावेत. पहिल्या वर्षी पाच पुरेत. वर्ष झाले की त्याच चौकोनांत पुन्हा बुंधे आणि फुटवे मोजावेत आणि आकडे सर्वांसमोर वाचून दाखवावेत. स्वयंसेवकांना प्रशस्तिपत्राने जेवढा हुरूप येत नाही तेवढा या आकड्यांनी येतो.

पाळी चुकण्याचे प्रसंग पहिल्याच पावसाळ्यात येतील. आवणीचे दिवस, घरातील आजारपण, मुलीचे लग्न. सकाळी काठी कालच्याच दाराशी दिसली, तर समितीतील दोघांनी त्या घरी जाऊन आधी अडचण विचारावी, त्या दिवशी दुसऱ्या घराने काठी उचलावी आणि चुकलेला दिवस त्या घराच्या नावावर पुढील महिन्यात मांडावा. दंडाची वही दुसऱ्या खेपेस उघडावी.